मोरपंखी बटण कुठे ठेवायचं?

माझ्याकडे एक पत्र्याचा डबा आहे. जुने कपडे बाद करताना आई त्यांची बटणं काढून ठेवायची, ती सगळी त्यात आहेत. लहान मुलांबरोबर काम करायला लागले तेव्हा डबा माझ्यासोबत आला आणि गेली एकोणीस वर्षं तो वर्गातल्या फळीवर आहे. त्यात एक बटण आहे, धड निळं नाही, धड हिरवं नाही. दर वर्षी कुणी ना कुणी मूल ते हातात घेऊन थबकतं. एकीकडे निळी बटणं ठेवून झालेली असतात, दुसरीकडे हिरवी. मूल इकडे बघतं, तिकडे बघतं, मग माझ्याकडे बघतं.

मी काही बोलत नाही. पहिली काही वर्षं मी नेमकी याच क्षणी बोलत असे, आणि मुलाच्या डोक्यात चाललेला विचार तिथल्या तिथे थांबत असे. वस्तू कुठल्या गटात गेली यापेक्षा ती तिथे का गेली हे मुलाला सांगता येतं का, याकडे आता माझं लक्ष असतं. घरी किंवा वर्गात मुलांना गट पाडायला शिकवायचं असेल तर मी कसं करते ते सांगते.

आधी सामान

विकतचे संच नसले तरी काही अडत नाही. झाकणं, चमचे, मोजे, किल्ल्या, कपड्यांचे चिमटे, दोऱ्याची रिकामी रिळं, बाहेरून आणलेली पानं आणि दगड, एवढं भरपूर आहे. एका वेळी आठ-दहा वस्तू पुरतात. शंभर बटणं समोर ओतली की मूल त्यात हात घोळवत बसतं. तेही करू द्यावं, पण आदल्या दिवशी. नवीन वस्तू मनसोक्त हाताळून झाल्याशिवाय मूल आपल्या खेळात येत नाही.

तीन वर्षांखालच्या मुलांना बटणं देऊ नका. खेळणी तपासताना सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाची एक छोटी नळी वापरतात; जी वस्तू तिच्यात पूर्ण मावते ती या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकते असं धरलं जातं. त्यांना मोठी झाकणं, मोजे, चमचे, मोठे ठोकळे द्या. मोठी मुलं बटणांशी खेळत असली तरी आपण जवळच बसावं. बटणासारखे दिसणारे चपटे सेल आणि छोटी लोहचुंबकं या डब्यात चुकूनही जाऊ देऊ नका. ती गिळली गेली तर पोटात गंभीर इजा होऊ शकते. माझा डबा दर महिन्याला मी एकदा पूर्ण उपसून बघते, ते याचसाठी.

गट ठेवायला दोन वाट्या चालतील, पण मला जमिनीवर सुतळीची रिंगणं केलेली जास्त आवडतात. वाटीतली वस्तू दुसऱ्या वस्तूंखाली दडते. रिंगणात सगळ्या दिसत राहतात, त्यामुळे मुलाला मन बदलून एखादी उचलता येते. खाली चादर घातली तर ती एकरंगी असू द्या. नक्षी असली की वस्तू तिच्यात हरवतात.

पहिले डाव

दीड-दोन वर्षांच्या मुलाबरोबर बोलायची फारशी गरज नसते. चार मोजे घ्या, चार चमचे घ्या, दोन टोपल्या. एका टोपलीत तुम्ही मोजा ठेवा, दुसरीत चमचा. मग आणखी एक मोजा मोज्याकडे, आणखी एक चमचा चमच्याकडे. आता एक चमचा मुलाच्या हातात द्या आणि थांबा. पहिल्या दिवशी ते चमचा टोपलीवर वाजवेल. वाजवू द्या. आठवडाभरात कधीतरी तो चमचा आपणहून चमच्यांत जाऊन पडतो.

हे जमलं की एकाच जातीच्या वस्तू घ्या आणि त्यांतली फक्त एक गोष्ट वेगळी ठेवा. झाकणं सगळी एकाच मापाची, निम्मी लाल, निम्मी निळी. मारिया माँटेसरी यांच्या साहित्यात हा विचार फार काटेकोरपणे पाळलेला आहे. त्यांच्या रंगपाट्या सगळ्या एका मापाच्या असतात. गुलाबी मनोऱ्याचे दहाही ठोकळे एकाच रंगाचे, बदलतं ते फक्त माप, १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत. मुलाने जे पाहावं असं वाटतं, तेवढंच बदललेलं. घरात आपण बरोबर उलटं करतो. मोठा लाल ट्रक, छोटी निळी मोटार आणि पिवळा चेंडू समोर ठेवतो आणि म्हणतो, "सारखे वेगळे कर." कशाने सारखे, हे मुलाला कळायला काही वावच नसतो.

रंगाचं नाव येत नसलेलं मूलही रंग पाहून वस्तू वेगळ्या करू शकतं. म्हणून "लाल दे, निळं दे" यापासून सुरुवात करू नका. नाव शिकवायचं असेल तेव्हा तीन पायऱ्यांनी जा. ही पद्धत माँटेसरींनी फ्रेंच डॉक्टर एदुआर सेगँ यांच्याकडून घेतली. आधी आपण सांगायचं: "हे लाल. हे निळं." मग विचारायचं: "लाल कुठलं? दाखव." सगळ्यात शेवटी, झाकणावर बोट ठेवून: "हे कुठलं?" मोठी माणसं घाईने थेट तिसरी पायरी गाठतात आणि मूल गप्प झालं की "याला रंग येत नाहीत" म्हणून मोकळी होतात. तिसऱ्या पायरीवर अडलं तर टोकायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलीपासून.

एखादं मूल आकार, माप सगळं नीट लावतं, पण लाल आणि हिरव्यात, किंवा हिरव्या आणि तपकिरीत, पुन्हा पुन्हा गोंधळतं असं दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. रंग ओळखण्यातली ही अडचण बहुधा जन्मजात असते आणि मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये बरीच जास्त आढळते. त्या मुलाला "लक्ष दे" म्हणून रागावणं मोठा अन्याय आहे.

मुलाचा हिशेब वेगळा असतो

तीन वर्षांच्या मुलापुढे पुठ्ठ्याचे गोल, चौकोन, त्रिकोण ठेवले आणि "सारखे असतील ते एकत्र ठेव" म्हटलं, की कित्येकदा असं होतं: लाल चौकोनाशेजारी लाल गोल जातो, इथवर ठीक, मग चौकोनाच्या डोक्यावर निळा त्रिकोण चढतो आणि मूल टाळ्या पिटतं, "घर झालं!" जीन पियाजे आणि बार्बेल इन्हेल्डर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या वर्गीकरणाचा अभ्यास केला तेव्हा त्यांनाही लहान मुलं सुरुवातीला अशीच चित्रं मांडताना दिसली. मूल एक साम्य पकडतं, पुढची वस्तू ठेवेपर्यंत ते सुटतं, आणि भलतंच काही सुरू होतं. घर मोडू नका. ते बघा, त्याबद्दल बोला. उद्या त्याच वस्तू घेऊन बसा, फक्त पहिल्या दोन-दोन वस्तू रिंगणात तुम्ही ठेवा, म्हणजे मुलाला धरायला दोरा मिळतो.

दुसरी सवय म्हणजे बरोबर राहणाऱ्या वस्तू एकत्र ठेवणं. कुलपाजवळ किल्ली, बुटात मोजा. आपल्याला हवं असतं किल्ल्या एकीकडे, कुलपं एकीकडे. पण मोजा बुटात घालणारं मूल वस्तूंचा वापर बघत असतं, आणि ते नातं खरंच आहे. मी म्हणते, "हो, हे दोघं बरोबर राहतात. आता एकसारखे दिसणारे शोधूया का?" मुलाचं जे म्हणणं आहे ते मान्य झालं की ते दुसऱ्या खेळाला खुशीने तयार होतं.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. एका चार वर्षांच्या मुलाला मी बटणं, किल्ल्या आणि झाकणं अशी सरमिसळ दिली होती. त्याने किल्ल्या ठेवल्या, शेजारी दोन झाकणं ठेवली आणि एक बटणही तिथेच ठेवलं. मी ते बटण उचलून बटणांत ठेवलं. त्याने परत आणलं. मी पुन्हा हलवलं, "हे बटण आहे ना, मग?" म्हणाले. तिसऱ्यांदा त्याने हात मागे घेतला आणि खिडकीकडे जाऊन उभा राहिला. दुपारी सामान आवरताना माझ्या हातून ते बटण फरशीवर पडलं आणि टणकन वाजलं. पितळेचं होतं. किल्ल्या, ती दोन झाकणं, ते बटण, सगळं धातूचं. दुसऱ्या दिवशी मी त्याला ते वाजवून दाखवलं. तो म्हणाला, "मग! सगळी टणटण करतात." त्याचा गट माझ्या गटापेक्षा सरस होता आणि मी तो दोनदा मोडला होता.

तेव्हापासून मुलाने ठेवलेली वस्तू मी हलवत नाही. चुकली आहे असं वाटलं तरी आधी विचारते.

विचारायचं कसं

नुसतं "का?" विचारलं की मुलाला आपण पकडलो गेलो असं वाटतं. ते लगेच वस्तू उचलून दुसरीकडे ठेवतं आणि तुमचा चेहरा वाचतं. त्यापेक्षा हे प्रश्न चालतात: "ही सगळी कशी एकत्र आली, मला सांग." "हिला इकडे यायचं असेल तर चालेल का?" आणि माझा सगळ्यात लाडका, "या रिंगणाचं नाव काय ठेवूया?" नाव ठेवताना मुलाला गटातल्या प्रत्येक वस्तूला लागू पडेल असा शब्द शोधावा लागतो, आणि नियम त्याच्याच तोंडून बाहेर येतो. गेल्या वर्षी एका मुलीने कडा आत वळलेली सुकी पानं वेगळी काढून त्यांना "झोपलेली पानं" असं नाव दिलं. सपाट पानं अर्थातच "जागी". मग बाकीची मुलंही पानं आणून विचारू लागली, हे झोपलंय की जागं आहे?

शब्दही मुलाला पुरवत राहा, पण खेळाच्या ओघात. खरखरीत, गुळगुळीत, जड, हलकं, चपटं, टोकदार, लवचीक, आरपार दिसणारं. डोळे झाकून हाताने गट पाडायचा खेळ यासाठी फार चांगला. पिशवीत दगड आणि चिंध्या घाला, हात आत घालून "मऊ" आणि "टणक" काढायला सांगा. रंग दिसतच नाही, त्यामुळे रंगाच्या पलीकडे जावंच लागतं.

त्याच वस्तू, दुसरा नियम

माझ्या मते खरा वर्ग इथे सुरू होतो. आठ बटणं घ्या: दोन मोठी लाल, दोन छोटी लाल, दोन मोठी निळी, दोन छोटी निळी. मूल रंगाने वेगळी करेल. झाल्यावर सगळी परत मधे ओढा आणि म्हणा, "आता रंग विसरायचा. मोठी इकडे, छोटी तिकडे."

तीन वर्षांचं मूल बहुतेक वेळा पुन्हा रंगानेच लावतं. मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रांच्या पत्त्यांवर हाच खेळ मुलांना दिला आहे. तीन वर्षांची बरीच मुलं नवा नियम विचारला तर बरोबर सांगतात, आणि हातातला पत्ता मात्र जुन्याच नियमाने ठेवतात. पाच वर्षांच्या आसपास बहुतेकांना बदल जमतो. म्हणजे मूल हट्टी नसतं, ऐकत नाही असंही नसतं. कळलेलं असतं, पण हात अजून जुन्या वाटेने जातो. हे कळल्यावर माझा आवाज आपोआप खाली आला.

मदत करता येते. रिंगणं बदला, लाल-निळ्याची रिंगणं उचलून वेगळ्या जागी दोन नवी घाला. प्रत्येक बटण हातात देण्याआधी "हे मोठं आहे की छोटं?" विचारा, रंगाचा उल्लेखही नको. तरी जमलं नाही तर दोन महिने सोडून द्या. चार वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला उलट बाजूने विचारा: "हीच बटणं आणखी कशी वेगळी करता येतील?" दोन भोकांची, चार भोकांची, मागे कडी असलेली. एका बटणात इतकं काही आहे हे मुलाला दिसू लागतं तेव्हा ते बटण जवळ धरून, उलटं करून बघायला लागतं. ते बघणं मला हवं असतं.

नसलेलं

मराठीत "लाल नसलेली" हा शब्दप्रयोग लहान मुलांना अवघड जातो. त्यांच्या कानात "लाल" शिरतं आणि हात लाल बटणावर पडतो. एकच रिंगण घाला. आत लाल, बाहेर बाकी सगळी. मग बाहेरच्यांना हाक मारा: "लाल नाहीत ती कुठे आहेत?" बाहेर निळी, पांढरी, काळी सगळी एकत्र पडलेली असतात, आणि त्यांच्यात सारखं एवढंच की ती लाल नाहीत. पाचव्या वर्षाच्या आसपास हे पक्कं होऊ लागतं.

दोन रिंगणं एकमेकांत

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी. एक रिंगण लाल वस्तूंचं, दुसरं गोल वस्तूंचं, दोन्ही लांब लांब. चौकोनी लाल, गोल निळी, सगळं सुरळीत जातं. मग लाल गोल येतो. मूल तो लालमध्ये ठेवतं. तुम्ही म्हणा, "गोल रिंगण म्हणतंय, माझा आहे." ते उचलून गोलमध्ये ठेवतं. "आता लाल रिंगण म्हणतंय, माझा आहे." घाई नको, ही ओढाताण चालू द्या. काही मुलं दुसरा लाल गोल मागतात, म्हणजे दोघांनाही एकेक. कुणी पुठ्ठा कापायला निघतं. कधीतरी एखादं मूल दोन्ही सुतळ्या धरून जवळ ओढतं, आणि मधे दोघांचीही जागा तयार होते. नाहीच सुचलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्ही ओढा. जॉन व्हेन यांनी १८८० साली तर्कशास्त्रासाठी अशा आकृत्या मांडल्या आणि मोठ्या वर्गांत त्या कागदावर येतात. सुतळी हातात धरून ओढलेल्या मुलाला त्या ओळखीच्या वाटतील.

यासाठी पुठ्ठ्याचा एक संच करून ठेवा. गणित शिकवण्याचा अभ्यास करणारे झोल्तान दिएनेश यांच्या तर्क-ठोकळ्यांचा हिशेब सोपा आहे: तीन रंग, चार आकार (गोल, चौरस, आयत, त्रिकोण), दोन मापं, दोन जाड्या. एकूण ४८, आणि कुठलेही दोन अगदी सारखे नाहीत. जाड तुकड्यासाठी पुठ्ठ्याचे तीन थर चिकटवा. या संचाची आगगाडी करता येते: पुढचा डबा मागच्यापेक्षा एकाच गोष्टीत वेगळा हवा. लाल मोठा जाड गोल, मग निळा मोठा जाड गोल, मग निळा छोटा जाड गोल. मुलं इतक्या चुरशीने खेळतात की मला वेळेचं भान ठेवावं लागतं. तरी लहानांसाठी दहा मिनिटं पुरेत. मूल वस्तू न बघता टाकू लागलं की खेळ संपला, आणि आवरणं हाही गट पाडण्याचाच एक डाव आहे: चिमटे चिमट्यांत, रिळं रिळांत.

एक गोष्ट मात्र लवकर मागू नका. दहा तपकिरी आणि दोन पांढरे लाकडी मणी दाखवून "तपकिरी मणी जास्त की लाकडी मणी जास्त?" विचारलं तर पाच वर्षांचं मूल ठामपणे "तपकिरी" म्हणतं. पियाजेंचा हा प्रसिद्ध प्रश्न आहे. गट आणि त्याच्या पोटातला गट एकाच वेळी मनात धरणं साधारण सात-आठ वर्षांच्या सुमाराला जमतं. तोवर "सगळे" आणि "काही" हे शब्द रोजच्या बोलण्यात येऊ द्या. "सगळी लाकडी आहेत. त्यातली काही पांढरी आहेत." एवढं पुरे.

नियम ओळखा

हा खेळ शेवटी आणि अधूनमधून. मूल मनात नियम धरतं, वस्तू दोन रिंगणांत ठेवतं, आणि आपण ओळखायचं. मुलाला तपासायचं नसतं, ते आपल्याला तपासतं, म्हणून ते अतिशय काळजीपूर्वक ठेवतं. एकदा एका मुलीने किल्ली, रीळ, दोन बटणं आणि बाटलीची एक रिंग एकत्र ठेवली. मी धातू म्हणाले, गोल म्हणाले, जड म्हणाले. ती मान हलवत राहिली. मग तिने किल्ली उचलून डोळ्याला लावली आणि तिच्या भोकातून माझ्याकडे पाहिलं. प्रत्येकीतून पलीकडचं दिसत होतं.

आणि ते बटण. काही मुलं ते निळ्यात ठेवतात, काही हिरव्यात, आणि विचारलं तर कारण सांगतात: "उजेडात हिरवं दिसतं", "माझा शर्ट असा आहे आणि तो निळा आहे". एका वर्षी एका मुलीने तिसरं रिंगण मागितलं आणि ते एकटंच त्यात ठेवलं. तेव्हा मी तिला "मोरपंखी" हा शब्द दिला. गरज पडली त्याच क्षणी मिळालेला शब्द मुलं विसरत नाहीत. तिने दिवसभर वर्गात मोरपंखी वस्तू शोधल्या. यंदा एका मुलाने निळं आणि हिरवं अशी दोन रिंगणं एकमेकांना चिकटवून घातली होती. बटण हातात आल्यावर तो बराच वेळ बसून राहिला. मग त्याने ते दोघांच्या मधल्या सुतळीवर ठेवलं, पडू नये म्हणून बोटाने हळूच दाबलं, आणि पुढचं बटण घेतलं. सामान आवरताना आम्ही ते सगळ्यात शेवटी उचललं.